बाँडचे वर्ष आणि एकतर्फी करार

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेताना विद्यार्थी ज्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करतो, त्यात एक बंधपत्र असते. प्रवेश मिळाल्याच्या आनंदात ते कोणी नीट वाचत नाही. साडेपाच वर्षांनी, इंटर्नशिप संपत आली की त्याची आठवण होते आणि मग होस्टेलच्या मेसमध्ये दुसरा विषय निघत नाही. कुठे पोस्टिंग मिळेल, ओपीडी किती असेल, क्वार्टर राहण्याजोगे आहे का, नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अभ्यास होईल का, की सरळ बाँड भरून टाकावा? महाराष्ट्रातल्या शासकीय आणि महापालिकांच्या महाविद्यालयांतून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष शासनाने सांगितलेल्या ठिकाणी सेवा द्यावी, नाहीतर १० लाख रुपये भरावेत, असे या कराराचे ढोबळ स्वरूप राहिले आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी हाच आकडा ५० लाखांवर आणि अतिविशेषज्ञ शाखांसाठी दोन कोटींवर गेला. त्या एका वर्षात तरुण डॉक्टरांच्या वाट्याला काय येते, हा या लेखाचा विषय आहे. त्यांनी लिहिलेले अनुभव वाचताना बहुतेक वाचक एकाच प्रश्नापाशी अडतात: सक्ती योग्य की अयोग्य? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. समाज आपल्या डॉक्टरांकडून एक वर्ष मागू शकतो असे माझे मत आहे, आणि ते का हे पुढे सांगतो. पण आज ज्या कागदावर हे वर्ष मागितले जाते, त्यात डॉक्टराने काय करायचे ते लिहिलेले आहे, न केल्यास काय होईल तेही लिहिलेले आहे. शासनाने काय करायचे, याबद्दल तो कागद जवळजवळ मुका आहे. बाँडच्या वर्षातले बरेचसे कडू अनुभव या मुकेपणातून येतात.

सोलापूर जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला तर हे नीट समजते. डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ १९६३ साली इथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय गावकऱ्यांच्या तोंडी अजूनही ‘सिव्हिल’च आहे. जिल्ह्यात अकरा तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे ४३ लाखांवर लोकसंख्या. उत्तरेला करमाळा-बार्शी, पश्चिमेला माळशिरस-सांगोला, आणि अक्कलकोट-दक्षिण सोलापूर थेट कर्नाटकाला टेकलेले. सिव्हिलमध्ये शिकलेल्या मुलाने पाच वर्षे काय पाहिलेले असते? वॉर्डभर पेशंट, मागे उभा निवासी डॉक्टर, त्याच्या मागे व्याख्याता, त्याच्या मागे विभागप्रमुख; रक्ततपासणीची प्रयोगशाळा, सोनोग्राफी, रक्तपेढी, सगळे एका आवारात. तिथून तो सांगोल्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. सपाट प्रदेशात असे केंद्र साधारण ३० हजार लोकसंख्येसाठी असते. सहा खाटा, एक प्रसूतिकक्ष, औषधनिर्माता, परिचारिका, परिचर, भोवती उपकेंद्रे आणि आशा सेविका. इथे वैद्यकीय अधिकारी म्हणून त्याच्याकडून काय अपेक्षित आहे, हे त्याला कोणत्याच पेपरात विचारलेले नसते. सकाळची ओपीडी त्याला जमते. पण पाणी नमुन्यांचा अहवाल, लसीकरण सत्रांचे नियोजन, आशांच्या मोबदल्याची देयके, महिन्याची तालुका बैठक, दर दुसऱ्या दिवशी नव्या नमुन्यात मागितली जाणारी माहिती, खर्चाची प्रमाणके, ग्रामसभेत सरपंचांनी विचारलेला प्रश्न, यांतले काहीच त्याच्या अभ्यासक्रमाने त्याला गंभीरपणे शिकवलेले नसते. रात्री सर्पदंश येतो, कीटकनाशक प्यायलेला तरुण शेतकरी येतो, अडलेली बाळंतीण येते. १०८ ची रुग्णवाहिका बोलावता येते, २०१४ पासून ती सोय राज्यभर आहे, पण ती येईपर्यंतची मिनिटे त्याची एकट्याची असतात.

आणि शवविच्छेदन. वैद्यकीय शिक्षणाबाहेरच्या वाचकाला याची कल्पना नसते म्हणून थोडे थांबतो. विद्यार्थ्याने न्यायवैद्यकशास्त्र पुस्तकातून शिकलेले असते आणि शवागारात काही वेळा उभे राहून पाहिलेले असते. ग्रामीण नेमणुकीत मात्र अपघात, विहिरीत सापडलेला देह, मारामारीतल्या जखमांचे प्रमाणपत्र हे सगळे त्याच्या सहीने होते. बाहेर नातेवाईक उभे असतात, पोलीस हवालदार कागद घेऊन थांबलेला असतो, गावातल्या दोन गटांपैकी एकाला जखम मोठी लिहायला हवी असते आणि दुसऱ्याला लहान. वर्ष संपले की डॉक्टर निघून जातो, पण ती सही मागेच राहते. काही वर्षांनी तो कुठेतरी एमडी करत असताना न्यायालयाचे समन्स येते आणि विसरलेल्या एका केंद्रातल्या विसरलेल्या एका दिवसाबद्दल त्याला साक्ष द्यावी लागते. इतकी कायदेशीर जबाबदारी ज्याच्यावर टाकली, त्याला आधी पंधरा दिवस तरी एखाद्या अनुभवी अधिकाऱ्याच्या हाताखाली ठेवावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. पण बंधपत्रात तसे काही लिहिलेले नसते आणि व्यवहारात ते नेमणुकीच्या ठिकाणच्या वरिष्ठाच्या चांगुलपणावर सोडलेले असते. चांगुलपणा भेटला तर वर्ष सोन्याचे होते, नाही भेटला तर शिक्षेचे.

हा विषय काही आजचा नाही. भोर समितीने १९४६ मध्ये ज्या डॉक्टराची कल्पना मांडली तो रोग बरा करण्याबरोबर रोग होऊ न देण्याकडे, म्हणजे समाजाकडे पाहणारा डॉक्टर होता. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षण शहरी रुग्णालयांत अडकून पडल्याचे सांगितले आणि त्यातून १९७७ मध्ये महाविद्यालयांना प्राथमिक आरोग्य केंद्रांशी जोडण्याची योजना निघाली. पुढे ती बव्हंशी गाड्या आणि शिबिरांपुरती उरली. २००७ मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांनी एमबीबीएसला एक वर्षाची ग्रामीण सेवा जोडण्याचा प्रस्ताव आणला तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले. शेजारच्या कर्नाटकाने २०१२ मध्ये सक्तीच्या सेवेचा स्वतंत्र कायदाच केला. सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट २०१९ च्या निकालात अनेक राज्यांच्या पदव्युत्तर आणि अतिविशेषज्ञ पातळीवरच्या बाँडना एकत्रितपणे वैध ठरवले, आणि त्याच वेळी देशभर एकसारखे धोरण असावे असेही सुचवले. म्हणजे कायद्याच्या अंगाने हा वाद बराचसा मिटला आहे. नैतिक अंगाने तो मिटलेला नाही, कारण विद्यार्थ्यांचा आक्षेप न्यायालयात मांडला गेला त्याहून खोल आहे.

तो आक्षेप असा. आयआयटीतला अभियंता सरकारी पैशावरच शिकतो आणि पदवी घेऊन परदेशात जातो. त्याला कोणी पुलाच्या कामावर एक वर्ष राबवत नाही. विधी, व्यवस्थापन, कृषी, कोणत्याही शाखेतल्या पदवीधराला शासन असे बांधून घेत नाही. मग डॉक्टरच का? नेहमीचे उत्तर अनुदानाचे असते: तुमच्या शिक्षणावर जनतेचा पैसा खर्च झाला. मला हे उत्तर लंगडे वाटते. अनुदान हा निकष असेल तर तो सगळ्यांना लावायला हवा. शिवाय पैशाचे देणे पैशाने फिटते, म्हणजे १० लाख भरणाऱ्याने आपले कर्ज फेडले असे मान्य करावे लागते. खरे उत्तर वेगळे आहे आणि ते सिव्हिलच्या वॉर्डात आहे. डॉक्टर माणसांच्या शरीरावर शिकतो. पहिली शीर सापडत नाही तेव्हा सुई दुसऱ्यांदा टोचून घेणारी विडी कामगार बाई, आठ-दहा विद्यार्थ्यांनी एकामागून एक पोट दाबून पाहिले तरी गप्प पडून राहणारा यंत्रमाग कामगार, अक्कलकोटच्या खेड्यातून आलेली आणि मराठी धड न समजणारी म्हातारी, हे त्याचे खरे शिक्षक आहेत. ते तिथे शिकवायला आलेले नसतात. दुसरीकडे जायची ऐपत नसते म्हणून आलेले असतात. अभियंत्याच्या शिक्षणात असे काही घडत नाही. गरिबांच्या देहाने दिलेल्या या शिक्षणाचे देणे त्याच प्रकारच्या माणसांना सेवा देऊनच फिटू शकते, रकमेने नाही. सक्तीच्या वर्षाला मी पाठिंबा देतो तो या कारणासाठी.

पण हे कारण मानले की त्याचे परिणामही मानावे लागतात. पहिला म्हणजे खासगी महाविद्यालयातला विद्यार्थीही या देण्यातून सुटत नाही. तोही माणसांवरच शिकतो, आणि कोटीभर शुल्क भरले म्हणून त्याने टोचलेल्या सुया कमी दुखत नाहीत. बंधन असेल तर ते सगळ्यांना असावे. दुसरा परिणाम शासनाला अडचणीचा आहे. सेवेच्या जागी दंडाचा पर्याय ठेवणे हेच मुळात चूक होते. दंडाचा आकडा जाहीर करून शासनाने सेवेला किंमत लावली आणि किंमत लागली की ती परवडते कोणाला हा प्रश्न आला. ज्याचे आईवडील पुण्यामुंबईत नर्सिंग होम चालवतात त्याने रक्कम भरली आणि नीट-पीजीच्या क्लासला बसला. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाची मुलगी मात्र केंद्रावर गेली आणि त्या वर्षी अभ्यासात मागे पडली. ग्रामीण महाराष्ट्राची सेवा अशा रीतीने प्रामुख्याने न परवडणाऱ्यांच्या गळ्यात पडली. ही वाट बंद करण्याचे, निदान अरुंद करण्याचे प्रयत्न शासनाने मधल्या काळात केले, बाँडची पूर्तता पदव्युत्तर प्रवेशाशी जोडून पाहिली, त्यावरून वादही झाले. दिशा बरोबर होती. पण दंडाची पळवाट बुजवायची आणि शासनाच्या बाजूची पाटी कोरीच ठेवायची, याने करार अधिकच एकतर्फी होतो.

दुसरा आक्षेप प्रशासनातलेही अनेकजण खासगीत मान्य करतात: वर्षभरासाठी आलेल्या, अनुभव नसलेल्या, मनाने आधीच कोचिंग क्लासमध्ये पोचलेल्या डॉक्टराचा गावाला उपयोग काय? यात तथ्य आहे, आणि आकडे ते वाढवतात. २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीप्रमाणे देशभरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना किमान जेवढे डॉक्टर लागतात त्यात तूट होती तीन टक्क्यांच्या आसपास. सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, विशेषज्ञांची तूट होती सुमारे ८० टक्के. पहिला आकडा फसवा आहे हे खरे, कारण त्यात केंद्रामागे एकच डॉक्टर गृहीत धरलेला असतो आणि कागदावर हजर असलेला प्रत्यक्षात असतोच असे नाही. तरीही दोन आकड्यांमधली दरी एक गोष्ट स्पष्ट करते. खेड्यातल्या माणसाची मोठी अडचण एमबीबीएस डॉक्टर नसण्याची नाही. भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक नसण्याची आहे. मग पदव्युत्तर बाँडने ती सुटायला हवी ना? तिथेही एकेकटी नेमणूक आडवी येते. स्त्रीरोगतज्ज्ञ पाठवला आणि भूलतज्ज्ञ नाही, तर सिझेरियन होत नाही. दोघे आहेत पण रक्त साठवणुकीची सोय नाही, तरी होत नाही. तीन वर्षे दिवसाला पाच-सहा शस्त्रक्रिया केलेला तरुण सर्जन मग खोकला-ताप तपासत बसतो आणि ‘रेफर टू सिव्हिल’ लिहितो. ज्या रुग्णालयातून तो आला तिथेच रुग्ण परत जातो, फक्त मध्ये दोन तास आणि गाडीभाडे जाते. अशा डॉक्टरांच्या लिखाणात कंटाळा आणि चीड दिसली तर त्याला सेवाभावाचा अभाव म्हणण्याची घाई करू नये. हात बांधून पाठवलेल्या माणसाची ती स्वाभाविक प्रतिक्रिया आहे.

सक्तीची सेवा जगात सत्तर देशांत कोणत्या ना कोणत्या रूपात आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० मध्ये आलेल्या एका आढाव्याने दाखवले होते. मेक्सिकोत वैद्यकीय विद्यार्थ्यांची सामाजिक सेवा १९३६ पासून आहे. दक्षिण आफ्रिकेने डॉक्टरांसाठी ती १९९८ मध्ये आणली. तुर्कस्तानने २००३ मध्ये रद्द केली आणि दोन वर्षांत परत आणली, कारण मागास भागांत जायला कोणी तयार होईना. म्हणजे सक्ती टाकाऊ नाही. पण जिथे ती रुजली तिथे ती एकटी नव्हती. जपानमधले जिची वैद्यकीय विद्यापीठ १९७२ मध्ये याच कामासाठी निघाले. प्रत्येक प्रांतातून विद्यार्थी निवडायचे, त्यांच्या शिक्षणाचा भार उचलायचा, आणि त्या बदल्यात त्यांनी नऊ वर्षे आपल्या प्रांतात काम करायचे. नऊ वर्षे ऐकून आपले विद्यार्थी हादरतील. पण तिथे प्रवेशाच्या दिवसापासून शिक्षण त्याच कामाच्या दिशेने चालते आणि डॉक्टर आपल्याच मुलखात परततो. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचा प्रयोग सेवाग्रामचा. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या तिथल्या महाविद्यालयाने दोन वर्षांची ग्रामीण सेवा पदव्युत्तर प्रवेशाच्या पात्रतेशी जोडली. सेवा हा पुढच्या शिक्षणाच्या वाटेवरचा टप्पा झाला, वाटेतला अडथळा राहिला नाही. सोलापूरचा विद्यार्थी बाँडच्या वर्षाकडे वाया गेलेले वर्ष म्हणून पाहतो तो आळशी किंवा स्वार्थी आहे म्हणून नव्हे. त्याच्यापुढची प्रवेशपरीक्षा त्या वर्षातल्या कामाची काहीच दखल घेत नाही. दोनशे प्रश्नांच्या पेपरात सर्पदंशाच्या किती रुग्णांना त्याने वाचवले हे विचारत नाहीत. म्हणून तो कमी ओपीडीचे, अभ्यासाला वेळ देणारे केंद्र शोधतो, आणि आपण त्यालाच नावे ठेवतो.

इथे खेड्यात शिकण्यासारखे काही नसते, असा एक समज विद्यार्थ्यांमध्ये आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच भरपूर आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर काय होते आणि प्राझोसिन या औषधाने ते कसे रोखता येते, यावरचे त्यांचे काम पुढे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. करमाळ्याहून फार दूर नसलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेला आरोग्य प्रकल्प जगभरचे लोक पाहायला आले. सोलापूर जिल्ह्यातच, बार्शीला, १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव जाऊन केलेल्या नोंदींतून खेड्यातल्या बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग कसा आणि किती गाठतो हे कळू लागले. आषाढीला लाखो माणसे पंढरपुरात येतात तेव्हा पिण्याच्या पाण्यापासून उष्माघातापर्यंत जे नियोजन आरोग्य खात्याला करावे लागते ते सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून मोठा धडा आहे. पण ही उदाहरणे तरुण डॉक्टरांच्या तोंडावर फेकण्याची जी सवय मंत्र्यांपासून अग्रलेख लिहिणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना लागली आहे, ती मला पटत नाही. असामान्य माणसे व्यवस्था नसतानाही काम करतात. धोरण सामान्य माणसासाठी आखायचे असते.

सोलापुरात तर या सवयीला एक हक्काचे नाव मिळते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच, जन्म १० ऑक्टोबर १९१०. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी सोडून ते १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनमध्ये गेले, तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. ‘कोटणीस चीनला गेले, तुम्हाला सांगोल्याला जायला काय होते?’ हे वाक्य अनेक भाषणांतून वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. भाषण करणारे दोन गोष्टी विसरतात. एक, कोटणीस स्वखुशीने गेले; सक्तीच्या समर्थनासाठी त्यांचे नाव घेणे तर्काला धरून नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ते एकटे गेले नव्हते. काँग्रेसने पाठवलेल्या त्या पथकात पाच डॉक्टर होते, अटल त्यांचे प्रमुख, नागपूरचे चोळकर त्यांच्याबरोबर, शिवाय बसू आणि मुखर्जी. तिथे पोचल्यावर त्यांना सैन्याच्या वैद्यकीय व्यवस्थेत जागा मिळाली, काम करायला माणसे मिळाली, आणि पुढे कोटणीसांकडे कॅनेडियन शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारी आली. त्यागाच्या कथेतून हा भाग गळतो. ज्यांना कोटणीसांचे नाव घ्यायचे असेल त्यांनी आधी पथक कुठे आहे ते सांगावे.

पथक नसण्याची किंमत सगळ्यांना सारखी मोजावी लागत नाही. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरच्या सीमेवरच्या गावांत रुग्ण कन्नडमध्ये बोलतो. अखिल भारतीय कोट्यातून आलेला किंवा विदर्भातून आलेला डॉक्टर पहिले दोन महिने परिचारिकेच्या दुभाषेपणावर काढतो, आणि पोटदुखीचा इतिहास दोन भाषा ओलांडून त्याच्यापर्यंत येतो. महिला डॉक्टरची अडचण निराळी. क्वार्टर गावाबाहेर, आवाराला भिंत नाही, रात्रीचा रखवालदार मंजूर पदांतच नाही, आणि दारू पिऊन आलेल्या नातेवाईकांचा जमाव. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, पण कायदा दुसऱ्या दिवशी गुन्हा नोंदवायला उपयोगी पडतो, रात्री दोन वाजता दाराला कडी लावायला नाही. यावर, ‘परिचारिका आणि आशा वर्षानुवर्षे त्याच गावात राहतात, त्यांचे काय?’ असा प्रतिप्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. त्यांची हेळसांड डॉक्टरांहून जुनी आणि मोठी आहे. मात्र एकाची गैरसोय दुसऱ्याच्या गैरसोयीचे समर्थन होऊ शकत नाही. भिंत आणि रखवालदार मिळाला तर तो दोघींनाही मिळेल.

मग शासनाने आपल्या बाजूने लिहून द्यायचे तरी काय? फार काही नाही. नेमणुकीचा आदेश इंटर्नशिप संपताच हातात पडावा. आदेशाची वाट पाहण्यात गेलेले महिने डॉक्टराच्या आयुष्यातून वजा होतात, शासनाच्या नाही. पगार दर महिन्याला व्हावा. सुरुवातीचे काही दिवस अनुभवी अधिकाऱ्याच्या सोबतीने जावेत. अडचण आली तर रात्री फोन उचलणारा एक ठरलेला वरिष्ठ असावा. विशेषज्ञांना एकेकटे न पाठवता ज्या रुग्णालयात भूल, शस्त्रक्रिया, प्रसूती आणि बालरोग यांची चौकडी बसते तिथेच पाठवावे, मग अशी रुग्णालये जिल्ह्यात तीनच निघाली तरी चालेल. शेवटची सूचना लोकप्रतिनिधींना आवडणार नाही, कारण प्रत्येकाला आपल्या तालुक्यात फलक हवा असतो. पण अकरा ठिकाणी अर्धवट यंत्रणा ठेवून बाळंतिणीला बाराव्या ठिकाणी धाडण्यापेक्षा तीन ठिकाणी पूर्ण यंत्रणा असणे तिच्या दृष्टीने जास्त जवळचे आहे.

यावर पैसा आणि मनुष्यबळ नसल्याचे उत्तर येते. ते मला पुरेसे वाटत नाही, कारण हेच शासन दुसऱ्या नावाने हे करून दाखवते. वैद्यकीय शिक्षणाच्या राष्ट्रीय नियमांत २०२० मध्ये जिल्हा निवासी कार्यक्रम आला. त्यात पदव्युत्तर विद्यार्थी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करतो. तो महाविद्यालयाचाच विद्यार्थी राहतो, विद्यावेतन तिथूनच मिळते, देखरेखीला समन्वयक असतो आणि हा काळ पूर्ण केल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. अंमलबजावणीत त्रुटी असतील, पण कागदावर तरी दोन्ही बाजूंच्या जबाबदाऱ्या आहेत. बाँडच्या वर्षात त्या नाहीत, याचे कारण पैशापेक्षा खात्यांच्या रचनेत आहे. विद्यार्थी असेपर्यंत तो वैद्यकीय शिक्षण विभागाचा. बाँडचा हिशेब ठेवणारे संचालनालयही त्याच विभागाचे. पण आरोग्य केंद्रावर रुजू झाला की तो सार्वजनिक आरोग्य विभागाच्या आणि जिल्हा परिषदेच्या हाताखाली जातो. एका विभागाला तो सेवा पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रापुरता दिसतो, दुसऱ्याला वर्षभराने रिकामी होणारी खुर्ची म्हणून. त्याच्यात गुंतवणूक करण्यात दोघांनाही रस नाही: पहिल्याच्या दृष्टीने तो शिकून झाला आहे, दुसऱ्याच्या दृष्टीने तो टिकणार नाही.

सोलापुरात ही फट बुजवून पाहायला भौगोलिक अडचण तरी नाही. वैद्यकीय महाविद्यालय आणि जिल्हा परिषद एकाच शहरात आहेत. महाविद्यालयातल्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाने जिल्ह्यातल्या बंधपत्रित डॉक्टरांना वर्षभर आपले मानावे, महिन्यातून एकदा त्यांना बोलावून त्यांचे रुग्ण आणि त्यांच्या केंद्रांवरचे मृत्यू यांची चर्चा घ्यावी, स्त्रीरोग, बालरोग, औषधवैद्यक आणि न्यायवैद्यक या चार विभागांनी फोनसाठी आळीपाळीने एकेक माणूस नेमावा, आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी त्या दिवशीची गैरहजेरी रजेत धरू नये, यासाठी नवा कायदा लागत नाही. दोन कार्यालयांच्या संयुक्त सहीचे एक पत्र लागते. त्या बैठकांत जे बोलले जाईल त्याची टिपणे ठेवली, तर पुढच्या वर्षी रुजू होणाऱ्या डॉक्टराला मंगळवेढ्याच्या केंद्रात विंचूदंशाची औषधे कोणत्या महिन्यात संपतात आणि अक्कलकोटच्या सीमेवर कन्नड बोलणारी कोणती आशा सोबत न्यावी, हे पहिल्याच दिवशी माहीत असेल. आज प्रत्येकजण ते नव्याने शोधतो आणि कळेकळेपर्यंत त्याचे वर्ष संपते. बाँडच्या वर्षाबद्दल तरुण डॉक्टर लिहू लागले आहेत, ते लिखाण मी निवेदन म्हणून किंवा तक्रार म्हणून वाचत नाही. ती टिपणे कार्यालयांनी ठेवली नाहीत, म्हणून ती त्यांना स्वतः ठेवावी लागत आहेत.